रुमालाखालचा भाव

आबा गेला हे मला कोणी कळवलं नाही. कळवायचं कारणही नव्हतं, मी काही त्याचा भाऊबंद नव्हतो. जुन्या स्टँडाकडून येत होतो, तर त्याच्या दुकानाला नवी काच लागलेली आणि आत मोबाइलची कव्हरं टांगलेली. दारावरची घुंगरमाळ गायब. शेजारच्या पानवाल्याला विचारलं, "आबा कुठं?" तो चुना लावता लावता म्हणाला, "गेले ना काका. धुळ्याला पोराकडं होते, तिकडंच." आणि त्यानं पान पुढच्या गिऱ्हाइकाला दिलं.

मी तिथंच ओट्यावर बसलो. आधी बायको गेली, आता हा. तिच्या शेवटच्या दिवसांतली एक गोष्ट फक्त ह्या माणसाला माहीत होती. आता ती माहीत असणारा मी एकटाच उरलो.

मी चौथी शिकलेला. उभा जन्म विहिरीवरच्या मोटारी भरण्यात गेला. जळकी तार काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची, वार्निश मारायचं. मला गोड लिहिता येत नाही. जसं होतं तसं सांगतो.

आबा जळगावात विमानाची तिकिटं काढून द्यायचा. पण त्याच्याकडं बघून कोणी म्हणणार नाही की ह्याचा विमानाशी काही संबंध असेल. धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर लाल चौकडीचा रुमाल. रुमाल म्हणजे नाक पुसायचा नव्हे, चांगला हातभर रुंद, गुरांच्या बाजारात दलालाच्या खांद्यावर असतो तो. कारण आबा मुळात दलालच. धुळ्याच्या गुरांच्या बाजारात त्याची अर्धी हयात गेली. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, बाजार बसला. मग पोरानं जळगावात तिकिटांचं दुकान टाकलं, आणि पोरगा कंटाळून परत धुळ्याला गेला तेव्हा बाप गल्ल्यावर बसला. बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ त्यानं दुकानाच्या दाराला बांधली. गिऱ्हाईक आलं की ती वाजायची.

त्याला अहोजाहो केलेलं चालत नसे. मी पहिल्यांदा "आबासाहेब" म्हणालो तर डोळे वटारून त्याच्या अहिराणीत म्हणाला, "मी काय तहसीलदार शे का? आबा म्हण."

गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत हे आताच्या लोकांना माहीत नसेल. घेणारा आणि दलाल हातात हात देतात, वरून रुमाल टाकतात, आणि आत बोटं दाबून बोलणं होतं. आधी किती जनावरं ते, मग भाव. शेवटी तळहातावर तळहात दाबला की सौदा पक्का. मग फिरवाफिरव नाही, आणि आत काय ठरलं ते बाहेर कोणाला सांगायचं नाही. बाजूला सगळा बाजार उभा असतो, पण कोणाला काही कळत नाही.

आबानं ही रीत जशीच्या तशी दुकानात आणली. तिकिटाचा भाव तो कधी तोंडानं सांगत नसे. गिऱ्हाईक एकटं असलं तरी रुमाल टाकायचा, हात धरायचा. "भाव तोंडे सांगाना नही, भाऊ. आयकना का चढना." म्हणजे कोणाच्या कानावर पडला की चढलाच. शिकलेसवरलेले लोक बावचळायचे. एक कॉलेजातले सर भाव कळल्यावर हात मागं घेऊन म्हणाले, "अहो, स्क्रीन दाखवा ना सरळ." आबा म्हणाला, "स्क्रीन दखानी व्हई तर घर जा, तुमना मोबाइलमा दखा." सर गेले. घरी बघितलं तर मोबाइलवर आबापेक्षा स्वस्त होतं, आणि हे त्यांनी परत येऊन चारचौघांत सांगितलं. आबा शांतपणे म्हणाला, "मंग तठेच ल्या." त्याला त्याचं काही वाटलं नाही. तो काही सर्वज्ञ नव्हता, आणि तसा आवही आणत नसे.

आणि ती स्क्रीन. तिच्यावर तो कापड टाकून ठेवायचा. भाव काढायचा असला की कापडाचा कोपरा उचलून तिरक्या नजरेनं बघायचा आणि पटकन सोडायचा. एकदा मी वाकून बघायला गेलो तर माझी मान धरून मागं केली. "दखू नको! पसंत पडेल जनावरकडे टक लावीसन दखं का मालक भाव चढावस. हाई कंपनीवाला बी मालकच शे." मी म्हणालो, "आबा, कंपनी मुंबईत बसलेली, तिला काय दिसतंय?" म्हणाला, "तुले काय म्हाईत तिले काय दिखस."

विमानाला तो जनावरच म्हणायचा. पहाटेचं जनावर स्वस्त असतं. मंगळवारचं बरं, शुक्रवारचं माजलेलं. मुंबईपेक्षा सुरतेचं बघ, नाहीतर इंदूरचं बघ. सरळ जाणारं महाग, मधल्या गावात दावणीला बांधून ठेवतात ते स्वस्त. आणि स्वस्त दिसलं की दात मोजायचे, म्हणजे पेटीचं वजन किती नेऊ देतात, खायला घालतात की नाही, तारीख फिरवू देतात की नाही. हे सगळं सांगणारा माणूस स्वतः एकदाही विमानात बसला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "दलाल काय बैलवर बससे का?"

तो चुकायचाही. बोदवडच्या एका कुटुंबाला बंगलोरला लग्नाला जायचं होतं. आबा म्हणाला थांबा, उतरेल. ते थांबले. भाव असा चढला की त्यांना विमान सोडून रेल्वेनं जावं लागलं, तेही रिझर्व्हेशन नसताना. त्या दिवशी आबानं दुकानाला कुलूप लावलं आणि बोदवडला गेला. त्यांच्या अंगणात उभा राहून म्हणाला, "मन्ही चूक व्हई गयी." घरातल्या म्हातारीनं दोन शिव्या दिल्या, त्या ऐकून घेतल्या. मग त्यांच्याबरोबर स्टेशनवर आला, जनरलच्या डब्यात आधी स्वतः घुसला, जागा धरली, पेट्या चढवल्या आणि गाडी हलल्यावर उतरला. हे मला त्याच बोदवडवाल्यानं सांगितलं, मोटर भरायला आला होता तेव्हा. त्यानंच मला आबाचा पत्ता दिला. म्हणाला, "चुकेल, पण फसवणार नाही."

आबा गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचा, "कसाले जाई राहिना?" लग्नाला म्हणालात की म्हणायचा, थांबा. फिरायला म्हणालात की, अजून थांबा. नोकरीला म्हणालात की, मंगळवारी या. पण मयतीला कोणी आलं, तर स्क्रीनवरचं कापड सरळ काढून टाकायचा आणि असेल तो भाव मोठ्यानं वाचायचा. हात धरायचा नाही, दलाली घ्यायची नाही. मयतीला रुमाल नाही, हा त्याचा नियम. हे ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

माझी एकुलती पोरगी मस्कतला. जावई तिथं एसी बसवतो. पोरगी दुसऱ्या खेपेला होती, मे महिन्यात दिवस भरत होते. पहिल्या वेळी ती इकडं आली होती. ह्या वेळी डॉक्टरनं प्रवासाला नको म्हटलं. सासू नाही. म्हणून आईनंच तिकडं जायचं ठरलं, आणि आईला एकटीला कसं सोडायचं म्हणून मीही. पण मे महिन्यात शाळांना सुट्ट्या. आखातातले सगळे जातात-येतात आणि तिकिटं आभाळाला भिडतात. आमच्यासारख्यानं जायचं तर आधीपासून, हिशेबानं जायला हवं. म्हणून होळीच्या सुमाराला आम्ही दोघं आबाकडं गेलो.

आता बायकोबद्दल सांगतो. तिचं काळीज थकलं होतं. डॉक्टरनं मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, फार धरून चालू नका. मी तिला बोललो नाही. मला वाटायचं, पोरीकडं गेली, नातवंडाला मांडीवर घेतलं की हिला उभारी येईल. मी तेच धरून बसलो होतो. मे महिना येऊ दे, विमानात बसू दे, मग बघू, असं.

दुकानात मी म्हणालो, "आबा, दोघांचं काढ. मस्कत. बाळंतपणाला." आबानं कापडाचा कोपरा उचलला, तिरकं बघितलं, खाली सोडला. बराच वेळ पुटपुटत राहिला. "बठ्ठा लोके मे महिनामा जातस. पन एक शे. मंगळवारनं. मझार बांधी ठेवतीन अर्धा दिवस." मग खांद्यावरचा रुमाल काढून माझ्याकडं हात केला.

मी हात पुढं करणार, तेवढ्यात ही म्हणाली, "मन्हा हात धरा, आबा."

आबा थांबला. बाईमाणसाचा हात रुमालाखाली त्यानं कधी धरला नसेल. बाजारात बायका नसतात. तो म्हणाला, "अक्का, तुमले नही समजाव."

"मले येस," ही म्हणाली. "मन्हा बाप पिंपळनेरना बाजारमा बैल लेवाले जाये. घर ईसन आम्हले पदरखाल शिकाडे. भाऊसपेक्षा मले बरं ये."

मी इतकी वर्षं संसार केला, मला हे माहीत नव्हतं. बाकावर बसलेला एकजण हसला, "आबा, आता तुझी खैर नाही." आबाही हसला. रुमाल टाकला.

मी बघत होतो. दोघांचे हात रुमालाखाली, रुमाल जरा जरा हलत होता. आबाचं हसू हळूहळू गेलं. त्यानं हिच्या तोंडाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग परत हिच्याकडं.

"अक्का, भाऊ काय सांगी राहिनात?"

"रुमालखाल व्हयनं ते खरं," ही म्हणाली.

"पक्कं?"

"पक्कं."

मला वाटलं, भावाची घासाघीस चालली आहे, हिनं म्हाताऱ्याला घाम फोडला. मला उलट कौतुक वाटलं. पैसे हिनं दिले, भिशीचे. पिशवीतून काढून सरळ आबाच्या हातात. किती, ते मी विचारलं नाही. रुमालाखालचा भाव बाहेर विचारत नाहीत. आबानं तिकिटांचं पाकीट चिकटवून दिलं, ते हिनंच पिशवीत टाकलं. रिक्षात तिनं डोकं मागं टेकलं आणि डोळे मिटले. म्हणाली, "व्हई गयं एकदाचं."

त्यानंतर ती माझ्या मागं लागली. उठता येत नव्हतं तर स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसायची आणि मला कामाला लावायची. अळीव भिजत घाला. डिंक तळा. असा नाही, मंद आचेवर, फुलला पाहिजे, नाहीतर दातात अडकेल. बाळंतिणीला शेपू कसा, मेथी किती, बाजरीची भाकर कशी, कोणत्या दिवसापासून. माझी बोटं तांब्याची तार ओढून ओढून जाड झालेली, भाकर थापली की कडा फाटायच्या. "परत," ती म्हणायची. मी चिडायचो. "तू येतेच आहेस ना, मग मला कशाला?" ती म्हणायची, "मी काय तठे चूल पुढे उभी राहसू का? तुम्हीच करशात." पोराला तेल कसं लावायचं ते तिनं उशीवर दाखवलं. टाळूवर थेंब थेंब, दाबायचं नाही. मी उशीला तेल लावत बसलो होतो. मला वाटलं आजारी माणसाचा हट्ट आहे, पुरवावा.

एका दुपारी ती अळिवाच्या खिरीचा वास घेऊन म्हणाली, "आता जमनं." त्याच आठवड्यात गेली. दवाखान्यात न्यायचीही वेळ दिली नाही. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. गल्लीत लेकी माहेरी येत होत्या, निंबाच्या झाडाला झोके बांधत होत्या. आणि आमच्या दारात तिरडी. पोरीनं फोनवर बघितलं सगळं. आमची लेक आखाजीला अशी आली.

दहावं-तेरावं झालं. तिच्या नावाची घागर भरली. घरात पाहुणे होते तोवर ठीक. ते गेले आणि मी भिंतीला पाठ लावून बसलो. खायला करता येत होतं, पण केलं नाही. पोरगी फोन करायची, "बाबा, तुम्ही तरी या." मी म्हणायचो, बघू. आमच्यात बाळंतपणाला बाप जातो का कुठं? बाप जाऊन करणार काय? माझ्या भावानं तर तोंडावर सांगितलं, "लोक हसतील. तिकडं कोणी बाई ठेवायला सांग. तुझं तिकीट परत कर."

मलाही ते पटलं. घरातून उठण्यापेक्षा ते सोपं होतं. मी पाकीट उचललं, कपाटात ठेवलं होतं तसंच बंद, आणि आबाकडं गेलो. घुंगरमाळ वाजली. आबानं मान वर केली. माझं मुंडण झालेलं डोकं बघितलं.

मी म्हणालो, "कॅन्सल कर. दोन्ही."

आबा उठला. शटर अर्धं खाली ओढलं. माझ्या समोर येऊन बसला. मला वाटलं आता कापड काढेल, मोठ्यानं वाचेल किती परत मिळतात ते. मयतीला रुमाल नाही. पण त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला, माझा हात ओढून हातात घेतला आणि वरून टाकला.

"आबा, आता कसला भाव?" मी म्हणालो.

त्यानं माझं एक बोट धरलं आणि दाबलं. एकच. मग सोडलं. परत तेच बोट धरलं. मला कळेना. मी म्हणालो, "दोन, आबा. दोन तिकिटं होती." त्यानं मान हलवली, आणि तिसऱ्यांदा तेच एक बोट दाबलं, इतकं जोरात की नख रुतलं. मग माझ्या तळहातावर स्वतःचा तळहात ठेवला आणि दाबून धरला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा भाव सांगत नव्हता. होळीच्या त्या दिवशी हिनं त्याच्या हातात जे दाबलं होतं, ते तो जसंच्या तसं माझ्या हातात देत होता. आधी किती जनावरं. एक. मग पक्कं, फिरवाफिरव नाही.

तिनं तिचं तिकीट काढलंच नव्हतं.

दलालानं आतलं बाहेर बोलायचं नसतं, म्हणून तो बोलला नाही. रुमालाखालचं रुमालाखालीच दिलं. मी विचारलं, "तिला माहीत होतं?" त्याचा तळहात तसाच राहिला. मी खूप वेळ रडलो. तिच्या मढ्यापुढं रडलो नव्हतो. शटरच्या खालून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसत होते.

मग मी म्हणालो, "आबा, बाप काय करणार रे बाळंतपणात?"

आता तो तोंडानं बोलला. "मले काय विचारस? जिनी सौदा कया तिले म्हाईत शे. जाय ना भाऊ. सौदा व्हई गया."

उठताना पाठीमागून म्हणाला, "डिंकना लाडू हातमानी पिशवीमा ठेव. पेटीना वजनमा बसाव नही."

मी गेलो. मधल्या गावात अर्धा दिवस बांधून ठेवलं, आबा म्हणाला होता तसं. बाजूला एक केरळचा माणूस होता, त्यानं मला पट्टा लावून दिला. मस्कतला जावई न्यायला आला होता. पोरगी दारात उभी होती, पोट हातानं धरून. ती माझ्या मागं बघत होती, कोणी येतंय का. मी दार लावलं तरी बघत होती.

बाळंतपण झालं. मुलगा. मी अळीव भिजवले, डिंक फुलवला, बाजरीची भाकर थापली. पोरानं पहिल्या दिवशी तेल लावताना घर डोक्यावर घेतलं, नंतर गप पडून राहायचं. माझ्या राठ हाताखाली ते कसं गप राहायचं कोण जाणे. पोरगी एकदा खीर खाता खाता म्हणाली, "आईसारखी नाही झाली." मी म्हणालो, "नाहीच होणार." तिनं वाटी पुसून खाल्ली.

पावसाळ्यात परत आलो. दुसऱ्या दिवशी खजुराचं पाकीट घेऊन आबाकडं गेलो. घुंगरमाळ वाजली. त्यानं मुलगा का मुलगी विचारलं नाही, कसं झालं विचारलं नाही. खजूर बाजूला ठेवला, रुमाल काढला आणि हात पुढं केला.

मी हात दिला. त्यानं रुमाल टाकला आणि वाट बघत बसला. मला काय दाबावं समजेना. किती जनावरं त्याला बोटं आहेत, काय भाव त्याला बोटं आहेत. ह्याला नव्हती. मी नुसता हात ठेवला त्याच्या हातात. त्यानंही ठेवला. चहा आला, गार झाला.

दारात एक माणूस येऊन उभा राहिला. घाईत होता, म्हणाला, "आबा, दिल्लीचं बघायचं होतं जरा."

आबानं त्याच्याकडं मानही वळवली नाही.

"थांब जरासा," म्हणाला. "सौदा चालू शे."